बुलेटचा ब्लॉक : कापायचा की राखायचा?

'वेअर' या विषयावर आपण सगळ्यांनीच पाच-सात मार्कांची उत्तरं लिहिलेली आहेत. अ‍ॅब्रेसिव्ह, अ‍ॅधेसिव्ह, करोझिव्ह. प्रत्येकाच्या दोन ओळी, शेजारी एक आकृती, झालं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझ्यासाठी तो शब्द इंग्रजीतच होता. त्याचा मराठी शब्द मला कोल्हापूरच्या एका बुलेट मिस्त्रींकडून मिळाला : झीज. आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात तोच. 'वेअर' म्हटलं की मला ग्राफ आठवतो, पण 'झीज' म्हटलं की काहीतरी कायमचं कमी झालंय हे लगेच कळतं.

आणि इंजिनाच्या बाबतीत नेमकं तेच समजून घ्यायचं असतं. सिलिंडरचं झिजलेलं लोखंड परत येत नाही. त्यावरचा इलाज म्हणून आपण जे बोअरिंग करतो, त्यात तर आणखी लोखंड जातं. म्हणून जुनं इंजिन खोलल्यावर पहिलं काम कापणं नसून मोजणं असावं, असं माझं मत आहे. ते कसं करायचं हे या लेखात एका खऱ्या इंजिनावरून सांगते.

इंजिन माझ्या मामाच्या बुलेटचं. १९७८ सालची ३५० सी.सी., गिअर उजव्या पायाला, न्यूट्रल शोधायला वेगळा खटका. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडियाचं काम सुरू झालं, आणि हे लोखंडी ब्लॉकचं इंजिन पुढे थोडेफार बदल होत होत २०१० च्या सुमारापर्यंत बनत राहिलं. बोअर ७० मि.मी., स्ट्रोक ९० मि.मी. कॅल्क्युलेटर काढून बघा, ३४६ सी.सी. येतात. मामाची गाडी आधी माझ्या आजोबांची होती. ती निळा धूर मारायला लागली, ऑइल खायला लागली आणि थंड असताना 'टक टक' वाजायला लागली, म्हणून मामाने ती खोलायला दिली.

मिस्त्रींचं निदान इंजिन खोलायच्या आधीच तयार होतं. "मोजून काय करणार हाईस बाळ? बोअर मारायचं, पुढच्या साइजचा पिस्टन टाकायचा, इषय संपला."

त्यांचा हात मी पाहिलाय. आवाजावरून ते टॅपेटचं गॅप सांगतात. तेव्हा हे काही अडाणीपणाचं बोलणं नव्हतं. पण हिशोब बघा. बुलेटला ओव्हरसाइज पिस्टन साधारण चार पायऱ्यांत मिळतात : ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मि.मी. म्हणजे ब्लॉकला चार जन्म. मामाच्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रॉकेल आणि लाकडी पट्टीने काढला, तर खाली ०.५० चा शिक्का निघाला. दोन जन्म खर्च झालेले, दोन शिल्लक. (चौथ्या पायरीला बोअर ७१ झाला की इंजिन ३५६ सी.सी.चं होतं. दहा सी.सी. फुकट, पण त्या आनंदात पुढे काही उरत नाही.) शेवटच्या बोअरनंतर स्लीव्ह ठोकून ब्लॉक पुन्हा मूळ मापावर आणता येतो, नाहीतर बाजारातला नवा ब्लॉक बसवता येतो. पण मामाला आजोबांचाच ब्लॉक हवा होता. त्यामुळे प्रश्न असा होता, की आत्ता एक जन्म खर्च करायलाच हवा का? याचं उत्तर फक्त आकडाच देऊ शकतो.

आकड्यांकडे जाण्याआधी ब्लॉक सगळीकडे सारखा का झिजत नाही हे बघूया, म्हणजे कुठे मोजायचं ते आपोआप कळेल.

पिस्टन खालीवर होताना त्याचा वेग बदलत असतो. ४००० आर.पी.एम.ला या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर येतो, पण अगदी वरच्या टोकाला, टी.डी.सी.ला, तो क्षणभर शून्य असतो. लुब्रिकेशनच्या चॅप्टरमधला स्ट्रायबेक कर्व्ह आठवा. वेग नाही तर ऑइलची फिल्म नाही. नेमक्या त्याच क्षणाच्या आसपास स्फोट होतो, गॅस पहिल्या रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला भिंतीवर दाबतो. तापमानही तिथेच सर्वांत जास्त. म्हणजे पातळ ऑइल, शून्य वेग आणि जास्तीत जास्त दाब, सगळं एकाच जागी. म्हणून पहिली रिंग जिथून उलटी फिरते त्या पट्ट्यात ब्लॉक सर्वांत जास्त झिजतो. त्याच्या वर रिंग कधी जातच नाही, तिथे मूळ लोखंड तसंच राहतं आणि एक कडा तयार होते. बोटाचं नख आतून वर ओढलं की ती कडा लागते.

दुसरं कारण करोझिव्ह. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने सिलिंडरच्या झिजेवर बरंच संशोधन केलं होतं. त्यात दिसलं, की इंजिन थंड असताना ज्वलनातली वाफ भिंतीवर साकळते, तिच्यात आम्ल तयार होतं आणि ते लोखंड खातं. म्हणजे गाडी लांब पळवण्यापेक्षा सकाळी स्टार्ट करून कोपऱ्यावरून दूध आणणं ब्लॉकला जास्त महाग पडतं. मामाची बुलेट गेली काही वर्षं नेमकं हेच काम करत होती!

तिसरी गोष्ट दिशेची. बुलेटचा क्रँक चाकाच्याच दिशेने फिरतो. पॉवर स्ट्रोकला कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक पुढच्या बाजूला असतं, म्हणून रॉडची प्रतिक्रिया पिस्टनला मागे ढकलते. फोर्सचा त्रिकोण काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. त्यामुळे मागची भिंत जास्त झिजते, कॉम्प्रेशनला थोडी पुढची, आणि डावी-उजवी बाजू त्या मानाने वाचते. थोडक्यात, गोल बोअर लंबगोल होतो, आणि वरून खाली बघितलं तर किंचित फनेलसारखा.

आता मोजणीकडे. पण त्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. पिस्टन धुऊन उजेडात धरला की तो बरंच काही बोलतो. रिंगांच्या खाली तपकिरी-काळे डाग असतील तर गॅस रिंग ओलांडून खाली येतोय. पिनच्या चारही कोपऱ्यांशी घासल्याच्या खुणा असतील तर पिस्टन कधीतरी जास्त तापून फुगलाय. आणि सर्वांत महत्त्वाची खूण : एका बाजूला वर चकाकी आणि विरुद्ध बाजूला खाली चकाकी, अशी तिरकी रेष दिसली तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. तसं असेल तर ब्लॉक कितीही छान बोअर करा, नवा पिस्टनही तिरकाच चालणार आणि वर्षभरात तुम्ही पुन्हा तिथेच. मामाच्या पिस्टनवर चकाकी पुढे-मागे सरळ होती, रॉड ठीक होता. पण पहिल्या रिंगच्या खाली तपकिरी डाग होते आणि मागच्या स्कर्टवर उभे ओरखडे. ब्लॉकच्या भिंतीवर मात्र नखाला लागेल असा एकही ओरखडा नव्हता. तसा असता तर हा लेख इथेच संपला असता. नखाला लागणारा उभा ओरखडा असेल तर मोजणी काहीही सांगो, बोअर करावाच लागतो.

पहिली मोजणी आम्ही गॅरेजमध्येच केली, आणि तिला फक्त एक फिलर गेज आणि एक नवी रिंग लागते. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण तिच्यात दहावीच्या पुढचं गणित नाही. रिंग ब्लॉकमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा, म्हणजे ती तिरकी राहणार नाही. मग तिच्या दोन टोकांमधली फट फिलरने मोजा. बोअरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या 'पाय' पट ही फट वाढते, कारण परीघ तेवढा वाढतो. व्यास ०.१० ने वाढला तर फट ०.३१ ने वाढणार. म्हणजे आपल्याला तिप्पट मोठं करून दाखवणारं यंत्र फुकट मिळालं! ब्लॉकच्या अगदी तळाशी, जिथे रिंगा पोचत नाहीत, तिथे फट आली ०.३०. वर कडेच्या खाली आली ०.५५. फरक ०.२५. त्याला ३.१४ ने भागा, ०.०८. म्हणजे वरचा व्यास तळापेक्षा सरासरी आठ शतांश मि.मी. मोठा.

हीच युक्ती जुन्या रिंगलाही लागू पडते. जुनी पहिली रिंग त्याच तळाच्या जागी घातली तर फट चक्क १.०० मि.मी. होती. जागा तीच, म्हणजे वाढलेले ०.७० रिंगच्याच झिजेचे. दोन पायने भागलं की रिंगची कड साधारण ०.११ मि.मी. झिजली असं निघतं. (तिची मूळ फट नव्या रिंगइतकीच होती असं धरलंय.) नव्या रिंगची फट बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ असावी असा ठोकताळा आहे. ७० मि.मी. म्हणजे पावणेतीन इंच, म्हणून ०.२१ ते ०.२८ मि.मी. ०.३० म्हणजे किंचित सैल, चालतं. त्याहून घट्ट मात्र चालत नाही, कारण रिंग तापून लांब होते, टोकं भिडली की तिला जायला जागा नसते आणि ती भिंत ओरबाडते.

मिस्त्री हे सगळं बाजूला उभं राहून बघत होते. "पायनं भागलं म्हणजे?" असं त्यांनी विचारलं. मी एका पत्र्याच्या तुकड्यावर खडूने गोल काढून दाखवलं. त्यानंतर बाकीच्या दोन्ही रिंगा त्यांनी स्वतः घालून मोजल्या.

पण रिंगची फट सरासरी व्यास देते, लंबगोलपणा देत नाही. त्यासाठी बोअर डायल गेज हवा, आणि तो आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आहे. ज्याच्यावर आपण जर्नल पूर्ण करण्यापुरती रीडिंगं घेतो, तोच. तेव्हा ब्लॉक, जुना पिस्टन आणि नवा ०.५० चा पिस्टन पोत्यात गुंडाळून मी एसटीने कॉलेजला आणले. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं, ते जाऊ दे.

काहीजण विचारतील, व्हर्नियरने का नाही? दोन कारणं. आपल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ आणि आपण शोधतोय पाच-दहा शतांश, हे एक. दुसरं जास्त गमतीचं आहे. व्हर्नियरचे आतल्या मापाचे जबडे जेमतेम ब्लॉकच्या तोंडाशी पोचतात, आणि तोंडाशीच ब्लॉक झिजलेला नसतो! व्हर्नियर लावून 'बोअर ओके' म्हणणारा माणूस नेमकी झीज नसलेली जागा मोजत असतो.

लॅबमध्ये सरांनी पहिली सूचना केली, की सामान आजच्या दिवस टेबलावर राहू दे, उद्या मोज. याचं कारण तापमान. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. मे महिन्यात बाहेर ३८ असतं. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे साधारण २० मायक्रॉन वाढतं, ब्लॉकचं लोखंड त्याच्या निम्मं. १८ अंशांच्या फरकाने ७० मि.मी.चा पिस्टन ०.०२५ मि.मी. मोठा दिसेल. आपल्याला हवी असलेली पिस्टन आणि ब्लॉकमधली फट आहेच मुळी ०.०७ च्या घरात, तिच्यातला तिसरा हिस्सा नुसत्या उन्हाने खाल्ला! ज्यांच्याकडे ए.सी. लॅब नाही त्यांनी निदान दोन्ही वस्तू एका रात्रीसाठी एकाच टेबलावर ठेवाव्यात आणि पिस्टन मोजताना तळहातात धरून बसू नये.

डायल गेज तुलना करतो, म्हणून मी तळाची डावी-उजवी जागा शून्य धरली. तिथे ना रिंग पोचते ना थ्रस्ट. गेज आत घातल्यावर तो पुढे-मागे हलकेच झुलवायचा. काटा एका टोकाला जाऊन उलटा फिरतो, तो वळण्याचा आकडा हेच खरं माप. तीन उंची, प्रत्येक ठिकाणी दोन दिशा, अशी सहा रीडिंगं. कडेच्या लगेच खाली : पुढे-मागे ०.११, डावी-उजवी ०.०७. मध्यावर : पुढे-मागे ०.०५, डावी-उजवी ०.०३. तळाला : पुढे-मागे ०.०१, डावी-उजवी शून्य. वरच्या दोन रीडिंगांची सरासरी ०.०९, त्यातून तळाची सरासरी वजा केली की ०.०८५ उरतात. गॅरेजमधल्या फिलरने ०.०८ सांगितलं होतं! व्हायव्हामध्ये उत्तर बरोबर आल्यावर झाला नसेल इतका आनंद मला तेव्हा झाला.

पिस्टन मोजतानाही एक खुबी आहे. पिस्टन गोल नसतो. पिनच्या बाजूला धातू जास्त, तापल्यावर तिथे जास्त वाढ होते, म्हणून तो मुद्दाम लंबगोल बनवतात. आणि डोकं जास्त तापतं म्हणून वर निमुळता. तेव्हा मायक्रोमीटर लावायचा तो पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात. दुसरीकडे कुठेही लावला तर फट खूप मोठी दिसते आणि चांगला पिस्टन भंगारात जातो. जुना पिस्टन आमच्या शून्यापेक्षा ०.१३ ने लहान निघाला, नवा ०.०७ ने. जुन्याची पहिल्या रिंगची खाचही गेलेली होती. नवी रिंग त्या खाचेत घातली तर वर ०.१५ चं पातं सहज शिरत होतं. ते साधारण ०.०४ ते ०.०८ असावं. अशा खाचेत रिंग वर-खाली आपटते आणि पंपासारखं ऑइल वर चढवते. निळ्या धुराचं एक मोठं कारण इथे सापडलं.

आता सगळे आकडे एकत्र ठेवू. जुन्या पिस्टनची फट मध्यावर ०.१३ अधिक ०.०५, म्हणजे ०.१८. दर इंचाला एक थाऊ या ठोकताळ्याने ती ०.०७ असायला हवी. म्हणून टकटक. नवा ०.५० चा पिस्टन घातला तर तीच फट ०.१२. वरच्या ०.११ च्या पट्ट्याची स्कर्टला फिकीर नाही, कारण स्कर्ट तिथपर्यंत जातच नाही. तिथे फक्त रिंगा जातात. अशा जुन्या लोखंडी सिंगल इंजिनांना वरची झीज ०.२० च्या आसपास गेली की बोअर करायचा असा अंदाज धरतात. (तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल असेल तर त्यातला आकडाच खरा.) आम्ही ०.११ वर होतो. झिजलंय ०.११ आणि बोअर केला तर जाणार ०.२५.

म्हणजे आकड्यांचा कौल असा होता, की खरा झिजलाय पिस्टन, ब्लॉक अजून चालेल.

मिस्त्रींना हे पूर्ण पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं इथे लिहायलाच हवं. ते म्हणाले, नवी रिंग फनेलमध्ये नीट बसत नाही. वर जाताना उघडते, खाली येताना मिटते, तिला चैन पडत नाही. हे खरं आहे. आमच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक स्ट्रोकला रिंगची फट पाव मि.मी.ने उघडमीट करणार, ३००० आर.पी.एम.ला मिनिटात सहा हजार स्ट्रोक होतात. अशी रिंग ताज्या बोअरमधल्या रिंगपेक्षा लवकर थकणार यात वाद नाही. दुसरा धोका त्या कडेचा. जुन्या रिंगचा वरचा कोपरा झिजून कडेच्या आकाराचा झालेला असतो. नव्या रिंगचा कोपरा धारदार असतो, तो कडेवर आदळला तर रिंग तुटू शकते. म्हणून बोअर न करता नुसत्या रिंगा बदलायच्या असतील तर कडा काढणं सक्तीचं आहे. हे न केल्यामुळे 'नवीन रिंगा टाकल्या आणि महिन्यात तुटल्या' अशा कहाण्या होतात.

मग निर्णय कशावर घ्यायचा? गाडी कशी चालणार आहे यावर. मामा रविवारी पन्हाळ्याला जाऊन येतो, कधी जोतिबाला. रोज पुणे-कोल्हापूर करणारी गाडी असती तर मीही मिस्त्रींच्याच बाजूने मत दिलं असतं. मामा दोघांचं ऐकून घेऊन म्हणाला, "राहू दे दोन बोअर शिल्लक. उद्या तुझ्या पोरांना लागतील." माझी पोरं अजून फार लांब आहेत, पण ठीक आहे.

तेव्हा कडा काढली आणि ब्लॉक फक्त होन केला. होनिंगमध्ये साधारण एक शतांश गेला असेल. भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी हवी, ४५ ते ६० अंशांतली. त्या रेघांत ऑइल थांबतं, आणि त्यांच्या टोकांवर घासून रिंग बसते. आरशासारखी गुळगुळीत भिंत नव्या रिंगला निरुपयोगी आहे. जे बोअर करणार असतील त्यांच्यासाठी एक नियम : आधी पिस्टन विकत आणा, मायक्रोमीटरने मोजा, आणि त्या पिस्टनमध्ये फट मिळवून जो आकडा येईल तेवढाच ब्लॉक लेथवाल्याला कापायला सांगा. डब्यावरच्या ०.७५ वर विश्वास ठेवून आधी ब्लॉक कापू नये. दोन कंपन्यांचे ०.७५ सारखे निघतीलच असं नाही, आणि कमी कापलेलं वाढवता येतं, जास्त कापलेलं कोण भरून देणार?

होनिंगनंतर धुण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गॅरेजमध्ये इथेच घाई होते. रॉकेल किंवा पेट्रोलने ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण होनिंग स्टोनची बारीक कच त्या जाळीतच बसून राहते. आपणच आत पॉलिश पेपर सोडून इंजिन बंद केल्यासारखं होतं. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन घासायचं, मग पांढरी चिंधी आतून फिरवायची. चिंधी करडी आली की पुन्हा धुवायचं. आमची चौथ्यांदा पांढरी आली. लोखंड वाळलं की बघता बघता गंज धरतं, म्हणून लगेच ऑइलचा हात.

फिटिंगमध्ये विशेष काही नाही. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, गजनपिनचे लॉक नवेच टाकायचे, खालचं तोंड चिंधीने झाकून ठेवायचं म्हणजे निसटलेला लॉक क्रँककेसमध्ये जात नाही.

गाडी आता आठशे किलोमीटर चालली आहे. पहिलं ऑइल तीनशेला बदललं. निळा धूर गेला. सकाळी थंड असताना पहिली दोन मिनिटं बारीक टकटक येते, पिस्टन तापून फुगला की थांबते. ०.०७ च्या जागी ०.१२-०.१३ फट ठेवल्यावर ती येणारच होती. मिस्त्रींना ती गेटमधूनच ऐकू येते, आणि दर वेळी ते माझ्याकडे बघून एक बोट वर करतात.

सहा रीडिंगं, दोन पिस्टनची मापं, तारीख आणि तापमान मी एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून बुलेटच्या टूल बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली आहेत. पुढच्या वेळी जो कोणी ब्लॉक उतरवेल त्याला शून्य कुठलं धरलं होतं ते कळायला हवं. कुणाला स्वतःच्या घरची जुनी गाडी अशी मोजायची असेल तर दुसऱ्या शिफ्टला लॅबमध्ये या. सर परवानगी देतात, फक्त ब्लॉक आधी घरी धुऊन आणा.